पूरछावणीतला ‘सन्मान संच’ : बारा दिवसांच्या वापरानंतर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील एका शाळेत उघडलेल्या निवारा छावणीत मी बारा दिवस स्वयंसेविका होते. तेथे एका संस्थेने (नाव मुद्दाम लिहीत नाही) महिलांसाठी वाटलेल्या ‘सन्मान संचा’विषयी, पुढे अशी खरेदी करणाऱ्या मंडळांना उपयोग व्हावा म्हणून, हे लिहीत आहे. झाकणाच्या बादलीत सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रे, साबण, टॉवेल, सौर टॉर्च, शिट्टी आणि मदत क्रमांकांची चिठ्ठी असे सामान होते.

बादलीला पैकीच्या पैकी गुण. अंतर्वस्त्रे मात्र एकाच मापाची होती. वाढत्या वयाच्या मुलींना ती कमरेवर टिकेनात.

खरी गरज टॉर्चची होती. स्वच्छतागृहे इमारतीच्या मागे, वीज गेलेली आणि मुलींच्या दोन्ही दारांना आतून कडी नाही, त्यामुळे दिवेलागणीनंतर बायका पाणी पिणेच सोडत आणि अगदीच नाइलाज झाला तर चौघी मिळून जात. अशा ठिकाणी आठवडाभर उन्हाची तिरीपही नसताना सौर टॉर्च काय कामाचा? तिसऱ्या रात्री त्याचा उजेड काजव्याएवढा उरला. पूर पावसाळ्यातच येतो, हे खरेदी करताना कोणाच्या ध्यानात आले नसावे. सेलवर चालणारा साधा टॉर्च आणि सोबत सेलची एक जास्तीची जोडी पुरेशी होती. पाचव्या दिवशी गावातल्या सुताराने दोन जुन्या कड्या बसवून दिल्या, तेव्हा एक मावशी पहिल्यांदा एकट्या जाऊन आल्या आणि टॉर्च माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, “ह्यात आता जीव न्हाई, पर कडी घट्ट हाय.” मदतकार्याच्या ‘स्फिअर’ मानकांत दर २० माणसांमागे एक स्वच्छतागृह, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट सोय, आतून कडी आणि उजेड हे सारे लिहिलेले आहे, आमच्याकडे त्यातले काहीच नव्हते.

शिट्ट्या पहिल्याच दुपारी पोरांच्या हाती गेल्या आणि संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजली तरी कोणी मान वर करीना. ती कोणी ऐकायची आणि ऐकून कोणी धावायचे, हे ठरवलेलेच नव्हते.

सर्वांत मोठी तक्रार वाटपाची. रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुखाचे नाव पुकारून संच दिले गेले, म्हणजे पॅडची पाकिटे पुरुषांच्या रांगेतून आली. आणि नवऱ्याची मारहाण असह्य होऊन माहेरी राहणाऱ्या एकीचे नाव वडिलांच्या कार्डावर नसल्याने तिच्या वाट्याला काहीच आले नाही. बंद वर्गखोलीत, बाईने, प्रत्येक बाईच्या हाती संच द्यायला तासभरच जास्त लागला असता.

चिठ्ठीवर महिलांसाठीचा १८१, तातडीच्या मदतीचा ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक होते, पण मजकूर इंग्रजीत होता आणि बहुतेक फोनची बॅटरी संपलेली होती. फोन लागलाच नाही तर काय करावे, याचा त्यावर एक शब्दही नव्हता. बलात्कार झाल्यास एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांपर्यंत घेता येते आणि सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाला कायद्याने तातडीचे मोफत उपचार द्यावेच लागतात, एवढा मजकूर मराठीत, ठळक अक्षरांत, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नावासह छापून बादलीच्या झाकणाला आतून चिकटवता आला असता.