पंच व नगरसेवकांसाठीचा आचारसंहिता वर्ग, फोंडा: एक परीक्षण

पंचायत आणि पालिका सदस्यांचे वर्तन सुधारावे आणि सभागृहात स्त्री-पुरुष, तसेच सर्व समाजांच्या सदस्यांना समान वागणूक मिळावी, या हेतूने एका खासगी संस्थेने फोंड्यात घेतलेल्या दोन दिवसांच्या निवासी नसलेल्या वर्गाला मी उपस्थित होते. मी डिचोली तालुक्यातील एका पंचायतीची पंच आहे आणि ऑगस्ट 2022 च्या निवडणुकीत प्रथमच निवडून आले. वर्गाचे शुल्क माफक होते, सभागृह हवेशीर होते आणि चहा-जेवणाची व्यवस्था चोख होती. पहिला दिवस प्रत्येक पंचाने अनुभवावा असा होता, दुसऱ्या दिवसाची मात्र मुळापासून फेरआखणी व्हायला हवी, असे माझे मत झाले आहे.

वर्गात मिळालेल्या छापील साहित्यात इंग्लंडच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या संघटनेने डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आदर्श आचारसंहितेचा मराठी गोषवारा होता. तिथल्या सार्वजनिक जीवनासाठी 1995 साली मांडलेल्या निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व या सात तत्त्वांवर ती उभी आहे. तिचे कलमवार नियम सदस्य स्वतःच स्वतःला बांधून घेतो अशा प्रथमपुरुषी वाक्यांत लिहिले आहेत: मी इतर सदस्यांशी आणि नागरिकांशी आदराने वागतो, मी कोणाला धाकदपटशा दाखवत नाही, मी कर्मचाऱ्यांच्या निःपक्षपातीपणाला बाधा आणत नाही. परदेशातला कागद आपल्या गावात काय कामाचा, असा प्रश्न एका ज्येष्ठ पंचांनी तिथेच उपस्थित केला आणि तो रास्तच होता. मार्गदर्शकांनी त्याचे उत्तर टाळले नाही. 2011 च्या कायद्यानंतर इंग्लंडमधील परिषदांना बेशिस्त सदस्याला निलंबित करण्याचा अधिकार उरला नाही, तर शेजारच्या वेल्समध्ये लोकपाल आणि न्यायनिवाडा मंडळ यांच्यामार्फत निलंबनापासून अपात्रतेपर्यंतची कारवाई होऊ शकते, हा फरक त्यांनी समजावून सांगितला. उत्तम शब्दांत लिहिलेली संहितासुद्धा तक्रार कोणाकडे करायची आणि तिचा निकाल कोण देणार हे ठरलेले नसेल तर लुळी पडते, हे माझ्या मनात त्या तासाला पक्के झाले आणि वर्गाचे दोन्ही दिवस मी याच कसोटीवर तोलत राहिले.

या कसोटीवर पूर्णपणे उतरलेले सत्र म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी घेतलेली पाक्षिक बैठकीची रंगीत तालीम. आमच्यातल्याच सात जणांना सरपंच, उपसरपंच आणि पंच केले आणि एका सचिवाला इतिवृत्त लिहायला बसवले. विषय ठेवला होता एका बांधकाम परवान्याचा. पंच झालेल्या एका बाईंनी नाल्याच्या वाटेवर भराव घातला जात असल्याची हरकत घेतली. लगेच सरपंच झालेल्या गृहस्थांनी, अगदी सवयीने, ‘बाय, तुका हांतलें कळचें ना’ (बाई, तुला यातले कळणार नाही) असे म्हणून पुढचा विषय पुकारला. सभागृहात हसू उमटले. तालीम संपल्यावर मार्गदर्शकांनी इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावले, तेव्हा त्यात एवढेच निघाले: सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर. हरकत घेणाऱ्या बाईंचे नाव नव्हते, नाल्याचा उल्लेख नव्हता आणि अपमानाचा तर प्रश्नच नव्हता. हसणारेही गप्प झाले.

त्यानंतरचा दीड तास मला या वर्गाचा गाभा वाटतो. विरोध नोंदवताना सदस्याचे नाव, हरकतीचा मुद्दा आणि कारण या तिन्ही गोष्टी इतिवृत्तात कशा याव्यात, सचिवाने त्या वगळल्यास पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करण्याच्या वेळीच लेखी दुरुस्ती कशी मागावी, वैयक्तिक शेरा आल्यास अध्यक्षस्थानी बसलेल्या व्यक्तीने तो तिथल्या तिथे मागे घ्यायला कसे लावावे आणि कार्यक्रमपत्रिका सर्व सदस्यांना एकाच वेळी पोचते की काहींना आदल्या रात्री फोनवरून कळते, हे कसे तपासावे, याचा आम्ही प्रत्येकाने स्वतःच्या हाताने सराव केला. सभागृहातली समानता अशाच कोरड्या वाटणाऱ्या कामांतून घडते, असे मला मनापासून वाटते, कारण पुढे गट विकास अधिकाऱ्यांकडे किंवा न्यायालयात जाण्याची वेळ आली तर कागदावर जे आहे तेच बोलते.

आरक्षणावरचे सत्रही अभ्यासपूर्ण होते. महिलांना किमान एक तृतीयांश जागा देणाऱ्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीपासून सुरुवात करून मार्गदर्शकांनी गोव्यातल्याच प्रकरणाचा उलगडा केला. 1 मार्च 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचे, महिलांना त्यांचा एक तृतीयांश वाटा न देणारे प्रभाग आरक्षण रद्द केले, 12 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि सरकारी पदावरील व्यक्तीकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देता येणार नाही, असेही बजावले. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचांना अपात्र ठरवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केला, त्याचीही माहिती मिळाली. एक स्त्री सरपंच झाली हे गावकऱ्यांना स्वीकारता आले नाही, हे न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे, हे ऐकताना आमच्या रांगेतल्या कित्येकींनी वहीत टिपण केले.

दुसऱ्या दिवशी मात्र वर्गाची दिशा सुटली. सकाळचा बहुतेक वेळ व्यक्तिमत्त्व विकास या नावाखाली सौम्य बोलावे, पोशाख नीटनेटका असावा, चेहरा प्रसन्न ठेवावा अशा उपदेशात गेला आणि तो उपदेश जवळजवळ सगळा आम्हा महिलांना उद्देशून होता. ज्यांचे बोलणे मधेच तोडले जाते त्यांनीच सौम्य बोलायला शिकावे, ही मांडणी मला चुकीची आणि क्लेशदायक वाटली, विशेषतः आदल्या दिवशीची तालीम सर्वांच्या डोळ्यांसमोर असताना. लैंगिक छळाच्या प्रतिबंधाचा 2013 चा कायदा त्या दिवशी तपशिलात यायला हवा होता. पीडित महिला त्या ठिकाणी नोकरीलाच असली पाहिजे अशी त्या कायद्याची अट नाही, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते आणि तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. बहुतेक पंचायतींचा कर्मचारीवर्ग तुटपुंजा असल्याने ही माहिती महिला पंचांना थेट उपयोगी पडणारी आहे, परंतु तिच्यावर एक वाक्य बोलून विषय संपवला गेला.

याहून मोठी उणीव अनुसूचित जमातींच्या बाबतीत राहिली. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना 2003 पासून गोव्यात अनुसूचित जमातींचा दर्जा आहे आणि फोंडा, सांगे, केपे, काणकोण या भागांत या समाजांतून निवडून आलेले पंच आहेत. समानतेच्या वर्गात त्यांच्या वाट्याला अवघी काही मिनिटे आली. अनुसूचित जाती-जमातींच्या पंचायत किंवा पालिका सदस्याला त्याच्या पदाचे कर्तव्य बजावण्यापासून रोखणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. 2015 च्या दुरुस्तीने आलेली आणि जानेवारी 2016 पासून अमलात असलेली ही तरतूद वर्गात कोणी उच्चारलीही नाही. तक्रार कोणाकडे करायची या प्रश्नाला कायद्यानेच इतके ठाम उत्तर दिलेले असताना ते सदस्यांपर्यंत पोचू नये, याचे मला अतिशय वाईट वाटले.

आणखी एका गोष्टीकडे आयोजकांनी गांभीर्याने पाहावे. काही महिला सदस्यांसोबत त्यांचे यजमान आले होते आणि त्यांना मागच्या रांगेत बसू दिले गेले. गटचर्चेत उत्तर बाईंनी द्यायचे असताना मागून सूचना येत होत्या आणि एका गटाचा तक्ता तर एका यजमानांनीच भरून दिला. निवडून आलेल्या महिलांच्या नावाने घरच्या पुरुषांनी कारभार करण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 मधील निर्देशानंतर केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने सल्लागार समिती नेमली होती. ज्या वर्गात या प्रथेविरुद्ध बोलले जाते, त्याच वर्गात तिला खुर्ची मिळू नये. घरच्यांनी सोबत यायला हरकत नाही, पण त्यांची बसण्याची सोय सभागृहाबाहेर असावी.

साहित्य मराठीत आणि चर्चा कोकणीत, ही योजना मात्र अत्यंत सोयीची होती. त्यामुळे एरवी बैठकीत गप्प राहणाऱ्या सदस्याही मोकळेपणाने बोलल्या.

फोंडा, डिचोली आणि सत्तरीतील सदस्यांनी पहिल्या दिवसासाठी या वर्गाला अवश्य जावे, आणि शक्य असल्यास आपल्या पंचायत सचिवांना बरोबर न्यावे, कारण इतिवृत्त त्यांच्याच हातचे असते आणि आमच्या वर्गात सचिव जेमतेम दोघे-तिघे होते. पुढचा वर्ग जाहीर करताना आयोजकांनी सचिवांसाठी जागा राखून ठेवाव्यात, व्यक्तिमत्त्व विकासाचे सत्र वगळून तिथे वरील दोन्ही कायद्यांखालील तक्रारीचा प्रत्यक्ष मसुदा लिहून घ्यावा आणि संबंधित कार्यालयांचे पत्ते छापील साहित्याच्या पहिल्याच पानावर द्यावेत, अशी लेखी सूचना मी अभिप्राय पुस्तिकेत माझ्या नावानिशी नोंदवली आहे.