कळंगुटला आमचे 11,600 रुपये कसे गेले

हे लिहायला मला तीन आठवडे लागले. पहिले काही दिवस विषय निघाला तरी रडू यायचं. पण आता डिसेंबर तोंडावर आलाय. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून गाड्या भरभरून सुटतील, आणि ज्या माणसानं आम्हाला बोट आणि राइडच्या नावावर फसवलं तो कळंगुटच्या त्याच पार्किंगपाशी गळ्यात कार्ड अडकवून उभा असेल. म्हणून रकमा, वेळा, कोण काय बोललं, सगळं जसंच्या तसं लिहितेय.

मी माहेरची कोल्हापूरची, सासर गोव्यातल्या साखळी गावचं. लग्नाला चौदा वर्षं झाली. भाऊबीजेला दरवर्षी मीच माहेरी जाते, यंदा पहिल्यांदा दादा सगळ्यांना घेऊन इकडं आला. आई, वहिनी, दोघं भाचे. आंबोली घाट उतरून, बांदा, पत्रादेवी करत संध्याकाळी पोचले. पोरांना नरकासुर बघायचा होता, म्हणून नरकचतुर्दशीच्या आदल्याच दिवशी यायला सांगितलं होतं. पहाटेपर्यंत जागून दोघांनी नरकासुराचं दहन बघितलं. नंतर एक दिवस हरवळ्याला गेलो. धबधबा, शेजारी रुद्रेश्वराचं देऊळ, पलीकडं दगडात कोरलेल्या गुहा. घरून दडपे पोहे करून नेलेले, खर्च म्हणाल तर पेट्रोलचा. तो दिवस सोन्यासारखा गेला.

पण पोरांना समुद्र हवा होता. मोठा नववीत आहे, त्याला पॅराशूटमधून उडायचं होतं. आणि आईनं एक गोष्ट मनात धरली होती, ती मला तिची पिशवी बघून कळली. कोल्हापुरातून येतानाच तिनं नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि खणाचा तुकडा बांधून आणला होता. अडुसष्ट वर्षांत समुद्र तिनं काठावरूनच बघितलेला. बोटीत बसून आत जायचं आणि सागराची ओटी भरायची, एवढीच तिची इच्छा. मी म्हटलं, उद्याचा सगळा खर्च माझा. दादा नको नको म्हणत होता, पण माझ्या घरी आलेल्या माहेरच्या माणसांना मी खर्च करू देणार नव्हते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कळंगुटला पोचलो. गाडी लावून बाहेर पडतोय तोच एक माणूस समोर आला. निळा टी-शर्ट, पाठीवर टूरिझम असं छापलेलं, गळ्यात फोटोचं कार्ड, हातात प्लास्टिक चढवलेला दरांचा तक्ता. आधी हिंदीत बोलला. वहिनीनं आईला मराठीत काही सांगितलेलं ऐकलं आणि लगेच मराठीवर आला.

"कोल्हापूरचे का? माझं आजोळ गारगोटीला. आपल्या माणसांना मी 2,500 लावणार नाही."

मी सांगितलं, मी इथलीच, साखळीची. तर म्हणाला, "मग तर ताई, लोकल रेट. डॉल्फिन ट्रिप आणि पाच राइड, माणशी 1,500." पाच राइड त्यानं बोटांवर मोजून दाखवल्या: पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना, बंपर, स्पीड बोट. आजींना राइड झेपणार नाहीत, त्यांचे फक्त डॉल्फिनचे 600. बोटीत किमान एक तास. आईच्या हातातली पिशवी बघून स्वतःहून म्हणाला, "आजी, आत नेऊन ओटी भरायला लावतो तुम्हाला."

खरं सांगते, त्या एका वाक्यानं मी विरघळले. माझ्या मिस्टरांनी विचारलं, बोट कुठंय? तो म्हणाला, "तिकडं आहे, गर्दी वाढायच्या आत नंबर लावून टाकू." आणि मोबाइलवरचा क्यूआर पुढं केला. सहा जणांचे 9,000 आणि आईचे 600, असे 9,600 मी भरले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर कुठल्याशा मोबाइल रिपेअरच्या दुकानाचं नाव आलं होतं. मी ते वाचलं. वाचूनही पुढं गेले, कारण मागं उभी असलेली पोरं "आत्या, चल की" करत होती.

त्यानं छोट्या वहीतलं पान फाडून चिठ्ठी दिली. वर घाईघाईत पेनानं "6+1", खाली "डी + 5" आणि एक गिरगटलेली सही. बाकी काही नाही. ना नाव, ना तारीख, ना रक्कम. एका पोराला हाक मारून म्हणाला, ह्यांना सोड. त्या पोरानं आम्हाला वाळूतून बागाच्या दिशेनं पंधरा-वीस मिनिटं चालवलं. आई दर थोड्या वेळानं थांबायची, लुगड्याचा काठ पिळायची आणि परत चालायची. एका बोटीपाशी आमची चिठ्ठी तिथल्या पोराच्या हातात देऊन तो निघून गेला.

पुढं तास-सव्वातास उन्हात बसलो. बोट निघाली तेव्हा बारा वाजले होते. मी माणसं मोजली. आमच्यासकट सोळा, आणि लाइफ जॅकेट दहा. आईला मिळालं त्याचं बक्कल तुटलेलं, वहिनीनं ओढणीनं गाठ मारली. तिथंच उतरायला हवं होतं. 2024 च्या नाताळात ह्याच कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला होता. आम्ही पेपरात वाचून हळहळलो होतो, आणि तरी त्या बोटीत बसलो. 11,600 रुपयांपेक्षा आजही मला ह्याचीच जास्त भीती वाटते.

एक तास म्हणाले होते, बोट वीस मिनिटांत वळली. डॉल्फिन दिसला नाही. तो दिसलाच पाहिजे असं नाही, ते कुणाच्या हातात नाही. पण आईनं पिशवीची गाठ सोडली तेव्हा बोट अर्धी मागं आली होती. "आजी, उभं राहू नका, पाण्यात काही टाकायचं नाही," असं तो पोरगा ओरडला. उभं राहू नका म्हणाला ते बरोबरच, पण आईचा चेहरा एवढासा झाला. तिनं गाठ परत बांधली.

काठावर आल्यावर पोरांना पॅरासेलिंगची जॅकेटं घातली, कमरेला पट्टे आवळले. आणि मग तिथला माणूस म्हणाला, "ह्याचे माणशी 1,000." आम्ही म्हटलं, पाचही राइडचे पैसे भरलेत. त्यानं आमचीच चिठ्ठी आमच्यापुढं धरली. "डी म्हणजे डॉल्फिन. प्लस 5 म्हणजे अजून पाच माणसांची जेट स्की. पॅरासेलिंग कुठं लिहिलंय, दाखवा." कुठंच लिहिलेलं नव्हतं. पट्टे बांधून उभ्या असलेल्या पोरांना उतरा म्हणायला दादाची जीभ रेटेना. त्यानं खिशातून 2,000 काढून दिले. बनाना बंद, बंपरला नंबर नाही, स्पीड बोट म्हणजे तुम्ही आत्ता जाऊन आलात तीच. जेट स्कीवर प्रत्येकाला मागं बसवून एक चक्कर, मिनिटभरसुद्धा नाही.

पैसे घेणाऱ्या त्या माणसाला मी फोन लावला. पहिल्यांदा वाजून बंद झाला, नंतर लागलाच नाही.

आमचा आवाज चढला तसा छत्रीखाली बसलेला एक वयस्कर माणूस उठून आला. बोट त्याची होती. त्यानं आधी आईला सावलीत बसवून पाणी दिलं आणि मला विचारलं, "पयशे कोणाक दिल्ले?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तो आमचो न्हय. तो फकत गिरायक हाडटा." म्हणजे तो फक्त गिऱ्हाईक आणतो. मग त्यानं आपली वही उघडून दाखवली. आमच्या नावापुढं सात माणसं डॉल्फिन आणि पाच जेट स्की, एवढंच. संध्याकाळी तो दलाल येऊन डोक्यागणिक पैसे देतो, आणि त्यानं आमच्याकडून किती घेतले ते ह्यांना कधी कळतच नाही. आमचे 9,600 ऐकून त्यानं डोळे मिटून घेतले. वहीत आमच्या नावावर त्याच्या निम्मेही नव्हते.

कुणी कळंगुटला निघालं असेल तर हीच गोष्ट नीट लक्षात घ्या. पैसे एकाला आणि बोट दुसऱ्याची, सगळी फसवणूक ह्या फटीत बसते. दलाल काय बोलला त्याच्याशी बोटवाल्याचा संबंध नाही, आणि बोटीत काय झालं त्याच्याशी दलालाचा नाही. चिठ्ठी मुद्दाम अशी लिहिलेली असते की प्रत्येकानं आपल्याला हवी तशी वाचावी. आधी किनाऱ्यावर जा, बोट डोळ्यांनी बघा, नोंदणीचा नंबर बाजूला रंगवलेला असतो त्याचा फोटो काढा. ह्या बोटींची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडं असते. बोटीच्या मालकालाच विचारा, किती वेळ, कुठल्या राइड, किती माणसं, आणि पैसे त्याच्याच हातात द्या. क्यूआरवर भलतंच नाव आलं तर तिथंच थांबा. पावतीवर प्रत्येक राइड शब्दात लिहून घ्या. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, बक्कल लागतंय की नाही हे स्वतः ओढून बघा.

डॉल्फिनसाठी सकाळी लवकर गेलेलं बरं, पाणी शांत असतं, आणि मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या आसपास, सिकेरीकडून जाणाऱ्या बोटींना ते बऱ्याचदा दिसतात. हे मला ठाऊक होतं, तरी दहा वाजता कळंगुटला गेले. पणजीत मांडवीवरच्या बोटीत बसायचं असेल तर सांता मोनिका जेटीवरच्या खिडकीवर जा, वाटेत "सरकारी बोट" म्हणून तिकीट पुढं करणाऱ्याकडून घेऊ नका. दूधसागरलाही तेच. जीप कुळ्याहून सुटतात, एका जीपमध्ये सात माणसं, वनखात्याचं शुल्क वेगळं. पॅकेज घेतलंच तर त्यात ह्यातलं काय धरलंय ते लिहून घ्या. आमच्या शेजारच्या काकूंच्या जावयाला कांदोळीच्या रस्त्यावर स्कूटरवाल्यानं स्क्रॅच कार्ड देऊन "बक्षीस लागलं" म्हणून एका ऑफिसात नेलं आणि चार तास बसवून सुट्ट्यांच्या मेंबरशिपसाठी कार्ड स्वाइप करायला लावलं. असं बक्षीस लागलं तर घेऊच नका.

आम्ही तिथून पोलीस चौकीत गेलो. हवालदार नीट बोलले, हे सांगायला हवं. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र माझ्या मनात रुतून बसलेत. माणसाचा फोटो आहे? नाही. पावती? ही चिठ्ठी. कार्डावरचं नाव वाचलं? नाही. हातात होता तो फक्त न लागणारा फोन नंबर आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, त्यावर दुकानाचं नाव. मिस्टर एका पोलिसाबरोबर पार्किंगपाशी जाऊन आले. तो माणूस नव्हता, आणि आजूबाजूचा एकही जण त्याला ओळखत नव्हता. सकाळी ह्यातल्याच दोघांशी तो हसून बोलत होता. मी मराठीत अर्ज लिहून दिला आणि शिक्का मारलेली प्रत घेतली. 1930 ह्या सायबर हेल्पलाइनलाही तिथूनच फोन केला. बँकेचं म्हणणं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय. टाकलाच आहे. पण जे सांगून पैसे घेतले ते दिलं नाही, तर ती फसवणूकच.

कायदा नाही असं नाही. पर्यटनस्थळं राखण्याचा गोव्याचा कायदा 2001 सालचा आहे, आणि 2025 मध्ये दुरुस्ती करून त्यातला दंड 5,000 पासून 1 लाखापर्यंत नेलाय. गिऱ्हाइकाच्या मागं लागणं, भलत्या जागी तिकिटं विकणं, सगळं त्यात येतं. पण तक्रारच झाली नाही तर तो दंड कुणाला लावणार? बहुतेक पाहुणे संध्याकाळी गाडी काढून घाट चढतात आणि दोन-तीन हजारांसाठी कोण परत येतंय म्हणून सोडून देतात. तो दलाल त्यावरच जगतो. तुमचं असं झालं असेल तर कृपा करून निघायच्या आधी अर्ज द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

चौकीतून परत गाडीकडं येताना आई म्हणाली, जरा थांबा. चपला काढून ती घोट्याएवढ्या पाण्यात गेली. हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ सोडला. लाटेनं नारळ परत तिच्या पायाशी आणून टाकला. तिनं उचलून पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळेला धाकटा भाचा गुडघाभर पाण्यात गेला आणि त्यानं तो जोरात लांब फेकला. आई त्या दिशेला हात जोडून बराच वेळ उभी होती. घरी येईस्तोवर कुणी फारसं बोललं नाही. दादानं रात्री माझ्या हातात 5,000 ठेवायचा प्रयत्न केला, मी घेतले नाहीत.

अर्जाचं पुढं काय झालं ते विचारायला मी दर सोमवारी चौकीत फोन करते. ह्या सोमवारी कळलं की त्या मोबाइल दुकानाच्या मालकाला बोलावून घेतलं होतं. त्याचं म्हणणं, क्यूआर त्याचाच, पण ओळखीच्या एकाला "वापर" म्हणून दिला होता. तो ओळखीचा कोण, ते अजून बाहेर यायचंय. त्यांनी स्क्रीनशॉट आणि चिठ्ठीचा फोटो परत मागितला. दोन्ही पाठवलेत.