यूपीआयसाठी वेगळं खातं, की पगाराच्याच खात्यावर मर्यादा?

कटिंगपासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत सगळं फोनवरून भरणाऱ्याला हा प्रश्न कधीतरी पडतोच. माझ्या ओळखीत दोन पंथ आहेत. एक पंथ पगाराचंच खातं यूपीआयला जोडतो, पण रोजची मर्यादा कमी ठेवतो, कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करतो आणि किरकोळ खर्च यूपीआय लाइटवर, म्हणजे अॅपमधल्या छोट्या पाकिटातून, करतो. दुसरा पंथ वेगळ्या बँकेत छोटं खातं काढतो आणि फोनला फक्त तेच जोडतो. मी तीनेक वर्षं पहिल्या पंथात होतो. आता दुसऱ्यात आहे.

पहिल्याची सोय मोठी, हे मान्यच. लाइटमध्ये फार तर 5,000 रुपये राहतात, एका वेळी 1,000 जातात, पिन लागत नाही. दादरला संध्याकाळी भाजी घेताना मागून धक्के बसत असतात, तेव्हा याची किंमत कळते. शिवाय पासबुकात चहाच्या पन्नास ओळी येत नाहीत.

हक्कांच्या बाबतीत दोन्ही सारखेच. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि आपण तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर आपल्यावर भुर्दंड नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. खातं एक असो वा दोन, यात फरक पडत नाही.

माझा तराजू हलला तो एका जुन्या कूलरमुळे. ऑनलाइन जाहिरात टाकून 1,800 रुपयांना विकला. न्यायला आलेल्या मुलाने क्यूआर स्कॅन केला, "काका, आले का बघा" म्हणाला, कूलर टेम्पोत गेला. तीन आठवड्यांनी गृहकर्जाचा हप्ता परतला. शाखेत गेलो तर खातं गोठवलेलं. परराज्यात कुणाची तरी फसवणूक झाली होती, त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली होती आणि त्या पैशांचा माग फिरत फिरत माझ्या 1,800 पर्यंत आला होता. काउंटरवरचा साहेब म्हणाला, "वरून आलंय, आमच्या हातात काही नाही." पगार आत, मी बाहेर, असे चाळीस दिवस.

तक्रारीचा क्रमांक आणि ती कोणत्या पोलीस ठाण्याची, एवढं लेखी मिळवायलाच दोन चकरा झाल्या. मग जाहिरात आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून त्या ठाण्याला आणि बँकेला अर्ज केला: वादातले 1,800 रोखून ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा. शेवटी तसंच झालं. उद्या माझे पैसे गेले तर हीच यंत्रणा माझ्या उपयोगी पडेल, त्यामुळे तिला नावं ठेवत नाही. पण त्या महिन्यात किराणा मेव्हण्याकडून उसने घेऊन भरला, हे विसरत नाही.

तेव्हा लक्षात आलं की मर्यादा, लाइट, कार्डाचं बटण हे सगळे पहारेकरी बाहेर जाणाऱ्या पैशांवर. येणारा पैसा थेट मुख्य खात्यात शिरतो.

छोट्या खात्याचीही कटकट आहेच. दर रविवारी त्यात 4,000 टाकावे लागतात. विसरलं की गणपतीच्या खरेदीत काउंटरवर मान खाली. किमान शिलकीचा दंड नको म्हणून बेसिक खातं काढायचं तर दुसरी बँक गाठा, कारण साधं बचत खातं असलेल्या बँकेत ते सोबत ठेवता येत नाही. आणि एक पथ्य: छोट्यातून मोठ्यात पैसे परत पाठवायचे नाहीत, नाहीतर तक्रारीतल्या पैशांचा माग मोठ्या खात्यापर्यंत येतो.

फोनवरून फक्त पैसे देत असाल, अनोळखी माणसाकडून घेत नसाल, तर कदाचित पहिला मार्ग पुरेल. पण शिकवणीची फी, मोदकांच्या ऑर्डरी, जुनं सामान असं काही क्यूआरवर येत असेल तर मी दुसराच सुचवीन.

व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस बनून अटकेची भीती घालणाऱ्या "डिजिटल अरेस्ट"वाल्यांसमोर मात्र दोन्ही लंगडे, कारण तिथे पैसे आपणच पाठवतो. एवढंच की माझ्या मोठ्या खात्याचं अॅप आता फोनवर नाही. लॅपटॉप काढून जेवणाच्या टेबलावर मांडावा लागतो, आणि तो उघडला रे उघडला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, कुणाला पाठवताय?"