संत्र्याच्या बागेसाठी घेतलेला मेटल डिटेक्टर

सीताबर्डीतल्या एका दुकानातून साडेनऊ हजार रुपयांना घेतलेला हा मेटल डिटेक्टर मी काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत तीन महिने वापरला. घेण्याचे कारण साधे होते. तोडणीच्या दिवसांत पत्नीचे चांदीचे जोडवे कुठल्याशा झाडाच्या आळ्यात पडले होते. दुसऱ्याच दिवशी ते चार बोटे खोल मातीत सापडले आणि यंत्राच्या किमतीबद्दल घरात पुन्हा चकार शब्द निघाला नाही.

वजन बेताचे आहे, आवाज स्पष्ट आहे, बॅटरीचे झाकण मात्र सैल असल्याने मी ते रबराने बांधतो. खरी अडचण जमिनीची आहे. बेसाल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीत चुंबकीय लोहखनिज असते, त्यामुळे काही नसतानाही यंत्र कुरकुरते. अशा वेळी तबकडी जमिनीवर खालीवर करत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीच्या संकेताकडे यंत्राने दुर्लक्ष करावे अशी जुळणी, जुळवावा लागतो, आणि पाऊस पडून गेला की तो पुन्हा जुळवावा लागतो. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

लोखंड वगळण्याची सोय बागेत वरदान ठरते, कारण ती नसेल तर खिळे आणि कुंपणाच्या तारेचे तुकडे उकरण्यातच दिवस जातो. पण दुकानदाराने ‘जुन्या टेकाडांवर फिरवा, नाणी मिळतील’ असा जो सल्ला दिला, तो मला अजिबात पटला नाही. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरी येथील शिळावर्तुळांचे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मांडलेल्या दगडांच्या वर्तुळांचे, महत्त्व नाण्यांत नाही. तिथल्या दफनांत लोखंडी हत्यारे व अवजारे मिळाली, म्हणजे हे यंत्र जे कचरा समजून गाळते नेमके तेच. शिवाय एखादी कुऱ्हाड कोणत्या थरात, कोणत्या भांड्याशेजारी होती हे नोंदवण्याआधी ती उपसली, तर हाती गंजका तुकडाच उरतो. इंग्लंडमध्ये १९९७ पासून हौशी शोधकांच्या वस्तूंची जागेसह नोंद घेणारी योजना चालते, म्हणून तिथला छंद अभ्यासाच्या उपयोगी पडू शकतो. आपल्याकडे प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्थळी विनापरवाना खोदता येत नाही, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. हे दोन्ही कायदे खोक्यात कागदावर छापून द्यायला विक्रेत्याला फारसा खर्च आला नसता.

बागेतल्या हरवलेल्या वस्तूंसाठी मी या यंत्राला पाचपैकी साडेतीन गुण देतो. टेकाडांसाठी ते घ्यायचे असेल, तर घेऊ नये.