रविवारचा ओव्हरटाइम की रविवारची उपासना? निवड करणाऱ्या ख्रिस्ती तरुणासाठी

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या आपल्या मंडळीतल्या तरुणांपुढे हा पेच वरचेवर येतो. रविवारी कामावर गेलं तर दुप्पट दराने पैसे, नाही गेलं तर सकाळची उपासना आणि निवांत बायबल अभ्यास. घराचा हप्ता चालू असतो, मुलं शाळेत असतात. पाळकसाहेब म्हणतात उपासना चुकवू नका, सुपरवायझर म्हणतो माणसं कमी आहेत. माझा कौल ज्ञानाच्या, म्हणजे उपासनेत आणि बायबलजवळ बसून येणाऱ्या शहाणपणाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. पण पैशाची बाजू उडवून लावणं मला पटत नाही.

आईच्या पाटल्या सराफांच्या गुजरीत नेल्या, काट्यावर वजन झालं आणि तासाभरात मुलीच्या नर्सिंगच्या फीची सोय झाली, असं आपल्या कितीतरी घरांत घडलंय. अडीअडचणीला पैसा धावून येतो, आणि शास्त्रही ते नाकारत नाही. उपदेशक 7:12 मध्ये ज्ञान आणि पैसा, दोघांनाही आश्रय म्हटलंय. फक्त ज्ञान आपल्या धन्याचा जीव राखतं, एवढी भर तिथे आहे. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला 1 तीमथ्य 5:8 मध्ये पौलाने फार कडक शब्दांत सुनावलंय. त्यामुळे दवाखान्याचं कर्ज फिटेपर्यंत रविवारी कामावर जाणाऱ्याचा विश्वास कच्चा आहे, असं मी कधीच म्हणणार नाही.

पैसा कुठे थिटा पडतो, ते वाटणीच्या वेळी कळतं. वडील गेले, घर एक, भाऊ तीन. धाकट्याने आजारपण काढलं, थोरल्याने वरचा मजला बांधला, मधला पुण्यात. सात-बारा, मृत्युपत्र, वकील, सगळं होतं आणि तरी भाऊ एका बाकावर बसेनासे होतात. अशा वेळी घरातली माणसं श्रीमंत काकांकडे जात नाहीत. मंडळीतल्या एखाद्या निवृत्त सिस्टरबाईंकडे जातात, ज्यांच्या बायबलची पानं कडेने काळी पडलेली असतात. त्या आधी तिघांचं वेगवेगळं ऐकून घेतात आणि मग थोरल्याला विचारतात, "बाबांना शेवटचे सहा महिने कोणी उचललं?" तो खाली बघतो. हा प्रश्न नेमका कोणाला आणि कधी विचारायचा, हे वर्षानुवर्षं वचनाजवळ बसल्याशिवाय येत नाही. लूक 12 मध्येही गर्दीतला एकजण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. येशू वाटणी करून देत नाही. तो लोभाविषयी सावध करतो आणि मोठी कोठारं बांधू पाहणाऱ्या, त्याच रात्री मरणाऱ्या धनवानाचा दाखला सांगतो.

शलमोनाने मागितलं तेही हेच. 1 राजे 3 मध्ये तो धन मागत नाही, न्याय करण्यासाठी समंजस मन मागतो, आणि लगेच पुढे एका बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन बायकांचा निवाडा येतो. ज्ञान माणसांत वापरायचं असतं.

किंमत दोन्हींची आहे. ज्ञानासाठी वेळ द्यावा लागतो आणि कधी कधी पगारही. ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यस्त जीवन पत्करलं. पण सगळ्यांनी तसंच करावं असं नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं. त्यांनी शल्यकौशल्य सोडलं नाही, ते सेवेला लावलं. मला स्वतःला नीतिसूत्रे 30 मधली आगूरची प्रार्थना जवळची वाटते: गरिबी नको, श्रीमंतीही नको, गरजेपुरती भाकर दे.

म्हणून आधी एक तपासा: जादाचा पैसा कशासाठी हवाय? फी, औषध, कर्ज असेल तर शेवटचा महिना आजच ठरवा आणि घरात सांगून ठेवा. दुसऱ्या प्लॉटसाठी किंवा मेहुण्याच्या गाडीपेक्षा मोठ्या गाडीसाठी असेल तर रविवार देऊ नका. ते रविवार परत मिळत नाहीत, आणि मुलं वडिलांशिवाय उपासनेला जायला शिकतात, पुढे जायचंच सोडतात. दरम्यान कामावर जावंच लागत असेल, तर बदली सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी घरी नीतिसूत्रांचा एक अध्याय मुलांसोबत मोठ्याने वाचा. अध्याय 31 आहेत, आठवड्याला एक धरला तर सात महिने पुरतात. आणि सुपरवायझरशी बोलायचं ते शिफ्टचा तक्ता लागायच्या आधी. लागल्यावर त्याच्याही हातात फारसं राहत नाही.