बोलणी, सरसकट निर्बंध की नेमके निर्बंध? दक्षिण आफ्रिका आणि बर्मा शेजारी ठेवून बघूया

दुसऱ्या एखाद्या देशात लोकांना तुरुंगात टाकतायत, गोळ्या घालतायत आणि आपल्या सरकारने काय करावं यावर तुम्हाला मत बनवायचंय. कुणी लंडनला राहतं आणि खासदाराला जाणाऱ्या पत्रावर सही करायची का हे ठरवायचंय, कुणाची कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, कुणाला नुसतं स्वतःपुरतं ठरवायचंय. पर्याय ढोबळमानाने तीनच असतात: बोलणी चालू ठेवायची, सगळा व्यापार तोडायचा, किंवा ठराविक माणसं आणि ठराविक कंपन्या धरून त्यांच्यावर निर्बंध लावायचे.

माझं मत आधीच सांगून टाकते. कुठला उपाय जास्त कडक आहे हे बघण्यात अर्थ नाही. तिथले भोगणारे लोक स्वतः काय मागतायत, सत्तेवरच्यांचा पैसा नेमका कुठून येतो, आणि काय केलं की निर्बंध उठतील हे स्पष्ट लिहिलंय का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं जुळली तर निर्बंधांना धार येते, नाही जुळली तर मार गरिबाला बसतो आणि जनरल होते तिथेच राहतात. हे मी हवेत बोलत नाहीये, दोन देशांची हकीगत शेजारी ठेवली की दिसतं.

आधी दक्षिण आफ्रिका, कारण तिथे सुरुवात आपण केली होती आणि हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १९४६ मध्ये, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळायच्याही आधी, तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या जमिनीच्या हक्कांवर घाला घालणारा कायदा आला म्हणून भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तेव्हा आपल्या निर्यातीचा साधारण ५ टक्के भाग तिकडे जायचा, म्हणजे फुकटचा निर्णय नव्हता तो. त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडित यांनी संयुक्त राष्ट्रांत हा विषय लावून धरला आणि डिसेंबरमध्ये ठराव पास करून घेतला (याच बाई पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या). व्यापारबंदी आणि मुत्सद्देगिरी दोन्ही एकाच वेळी, एकाच हाताने. पण भारत एकटा होता, आणि एकट्याच्या बंदीने प्रिटोरियाचं, म्हणजे तिथल्या सरकारचं, काही अडलं नाही, हेही खरंच.

मग १९५९ मध्ये आल्बर्ट लुथुली यांनी जगाला बहिष्काराचं आवाहन केलं. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी साफ सांगितलं होतं की याचा त्रास आमच्याच लोकांना होणार आहे, तरी रक्तपाताचे दिवस कमी होणार असतील तर ती किंमत आम्ही द्यायला तयार आहोत. हे वाक्य माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर दोघंही म्हणत राहिले की निर्बंधांनी काळ्या कामगारांचंच नुकसान होईल, आणि ते ज्यांच्या वतीने बोलत होते त्यांचे पुढारी, चर्चमधले डेस्मंड टुटू, कामगार संघटना, सगळे उलटं मागत होते.

रेगन सरकारचा मार्ग होता गोऱ्या सरकारशी संबंध ठेवून हळूहळू त्यांना वळवायचं. चेस्टर क्रॉकर हे त्याचे मुख्य माणूस. या मार्गाने काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल, डिसेंबर १९८८ चा करार आणि त्यातून दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाचं स्वातंत्र्य हे क्रॉकर यांच्या चिवट वाटाघाटींचंच फळ. पण खुद्द दक्षिण आफ्रिकेच्या आत वर्णभेद काही हलेना. हललं ते १९८५ ला, आणि तेही बँकांमुळे. टाउनशिप, म्हणजे काळ्या लोकांच्या वस्त्या, पेटलेल्या, आणीबाणी लागलेली, अशात चेस मॅनहॅटन बँकेने कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला, बाकीच्या बँका तिच्यामागून गेल्या, रँड हे तिथलं चलन कोसळलं आणि सप्टेंबरमध्ये सरकारला परतफेड थांबवावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार मोडून काढून कायदा केला: नवीन गुंतवणूक बंद, कोळसा, पोलाद, युरेनियम घेणं बंद, त्यांच्या विमानांना उतरायला बंदी. आणि त्याच कायद्यात लिहिलं होतं की हे उठेल कधी. मंडेला आणि राजकीय कैदी सोडा, आणीबाणी उठवा, पक्षांवरची बंदी काढा, वांशिक नोंदणीचे आणि वस्त्या वाटणारे कायदे रद्द करा, चर्चेला बसा.

आता यात बोलणी कुठे होती? होती ना. १९८६ मध्ये राष्ट्रकुलाने काही मान्यवरांचा गट पाठवला होता, ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर आणि नायजेरियाचे ओबासांजो त्याचे प्रमुख, आपले माजी परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग त्यात होते. ते तुरुंगात जाऊन मंडेलांना भेटले, दोन्ही बाजूंसमोर एक मसुदा ठेवला, आणि १९ मे ला दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने हरारे, लुसाका आणि गाबोरोन या आसपासच्या देशांच्या राजधान्यांवर हल्ले करून ती बोलणी उडवून लावली. पण त्या मसुद्यात जे होतं, कैद्यांची सुटका, पक्षांवरची बंदी उठवणं, हिंसा थांबवून चर्चा, जवळपास तेच फेब्रुवारी १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष डी क्लर्क यांनी जाहीर केलं. म्हणजे बोलणी करणाऱ्यांनी रस्ता आखून ठेवला आणि निर्बंधांनी त्या रस्त्यावर यायला भाग पाडलं. अर्थात शीतयुद्ध संपत आलेलं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिथल्याच लोकांनी देश चालवणं अशक्य करून ठेवलेलं, ते सोडून सगळं श्रेय बाहेरच्यांना देऊ नये.

आता बर्मा, म्हणजे आजचा म्यानमार.

इथे पहिली अट पुरी होती. १९९० ची निवडणूक आंग सान सू ची यांच्या पक्षाने जिंकली, लष्कराने सत्ता सोडली नाही, आणि सू ची स्वतः निर्बंधांच्या बाजूने होत्या. अमेरिकेने १९९७ ला नव्या गुंतवणुकीवर बंदी घातली, २००३ ला बर्मी माल घेणं बंद केलं. घोटाळा झाला तो दुसऱ्या प्रश्नावर. आयातबंदीने यांगोनच्या (रंगूनच्या) गारमेंट कारखान्यांच्या ऑर्डरी गेल्या आणि शिवणकाम करणाऱ्या हजारो मुलींच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्याच वेळी यादाना गॅस प्रकल्प, ज्यात फ्रेंच टोटाल आणि अमेरिकन युनोकल होत्या, तो बंदीच्या आधीचा म्हणून चालूच राहिला आणि पाइपलाइनने गॅस थायलंडला जात राहिला, त्याचे पैसे लष्करी राजवटीला मिळत राहिले. शिवणाऱ्या मुलीची रोजी तोडली आणि जनरलची नळी तशीच ठेवली, याला निर्बंध म्हणायचं तर मग फसल्याचं नवल वाटायला नको. शिवाय दक्षिण आफ्रिकेला पश्चिमेच्या बँकांशिवाय गत्यंतर नव्हतं, बर्माला होतं, शेजारी चीन, थायलंड, सिंगापूर आणि आपणही.

मग शेजाऱ्यांच्या बोलण्यांनी काय मिळालं? आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने १९९७ ला बर्माला सदस्य करून घेतलं, आत घेऊन सुधारू या विचाराने. एका ठिकाणी मात्र याचा खराखुरा उपयोग झाला आणि तो विसरता येत नाही. मे २००८ मध्ये नर्गिस वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, आणि राजवट बाहेरची मदत आत येऊ देईना. अमेरिकन नौदलाची जहाजं मदत घेऊन किनाऱ्याबाहेर थांबली आणि शेवटी परत गेली. फ्रान्स जबरदस्तीने मदत पोचवायची भाषा करत होता, तिचा काही उपयोग झाला नाही. दार उघडलं ते आसियानने, सुरिन पित्सुवान तेव्हा सरचिटणीस होते, राजवट, आसियान आणि संयुक्त राष्ट्रं अशी तिघांची समिती बसवून. जीव वाचवायचे असतील आणि वेळ थोडा असेल तर ज्याचा फोन उचलला जातो असा माणूस लागतो, तिथे निर्बंध कामाचे नाहीत.

पण सत्ता सोडायला लावायची वेळ आली तेव्हा तीच आसियान हतबल दिसली. १ फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा लष्करी उठाव झाला, २४ एप्रिलला जकार्तात पाच कलमी सहमती झाली, हिंसा ताबडतोब थांबवायची हे पहिलंच कलम, उठाव करणारे लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग स्वतः हजर होते. परत गेल्यावर राजवट म्हणाली आधी देशात स्थैर्य येऊ दे मग बघू. जुलै २०२२ मध्ये चार लोकशाहीवादी कार्यकर्त्यांना फाशी दिली, तेव्हा आसियानचे अध्यक्ष असलेल्या कंबोडियाच्या हुन सेन यांनी देऊ नका म्हणून विनंतीचं पत्र लिहिलेलं असताना. न ऐकण्याचा खर्च काय, तर शिखर परिषदेला बोलावणं नाही. एवढाच.

तिसऱ्या प्रश्नावरही, म्हणजे निर्बंध उठवायचे कधी, बर्मा हे वाईट उदाहरण आहे. २०१० ला सू चींची सुटका, २०१२ ला पोटनिवडणुका, मग निर्बंध सैल होत गेले ते ठीक, पण ऑक्टोबर २०१६ मध्ये ओबामा सरकारने जवळजवळ सगळेच काढले, लष्कराच्या मालकीच्या दोन मोठ्या कंपन्यांवरचेसुद्धा, आणि तेव्हा लष्कराकडे संसदेतल्या २५ टक्के जागा घटनेनेच राखीव होत्या. ऑगस्ट २०१७ पासून ७ लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. निर्बंध राहिले असते तर हे टळलंच असतं असा माझा दावा नाही, पण हातातली दोरी काम अर्धं असताना सोडून दिली एवढं नक्की. दक्षिण आफ्रिकेतही अमेरिकेचे अध्यक्ष बुश (थोरले) यांनी जुलै १९९१ ला निर्बंध उठवले तेव्हा आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने घाई झाली म्हणून विरोध केला होता, फरक इतकाच की तिथे अटींची यादी कायद्यात होती म्हणून निदान वाद कशावर घालायचा ते माहीत होतं.

सरसकट बंदीचं घरचं उदाहरण हवं तर गोवा आहे. १९५४-५५ पासून भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली, सीमा बंद, मुंबईला नोकरी करणाऱ्यांना गावी पैसे पाठवणं मुश्कील. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार वाकला नाही. बटाटे हॉलंडहून आले, दाबोळीला विमानतळ उभा राहिला, लोहखनिज जपानला जात राहिलं, आणि घरं मात्र सीमेच्या दोन बाजूंना तुटून राहिली. शेवट १९६१ ला सैन्यानेच झाला.

आता तिसरा पर्याय, नेमके निर्बंध. मॉस्कोच्या कोठडीत २००९ ला मरण पावलेल्या सर्गेई मॅग्निट्स्कीच्या नावाने अमेरिकेने २०१२ ला कायदा केला, २०१६ ला तो जगभरासाठी केला, मग कॅनडा, ब्रिटन, युरोपियन युनियन यांनी आपापले आणले. अत्याचार करणाऱ्या अधिकाऱ्याची खाती गोठवा, व्हिसा देऊ नका. सामान्य माणसाला झळ कमी, म्हणून मला हा प्रकार आवडतो, पण याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. हाँगकाँगच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी (सरकारप्रमुख) कॅरी लॅम यांच्यावर ऑगस्ट २०२० ला अमेरिकेने निर्बंध लावले, बँकेत खातं चालेना म्हणून घरात रोकडीचे ढीग आहेत असं त्यांनीच टीव्हीवर सांगितलं, आणि हाँगकाँगमधली धरपकड मात्र चालूच राहिली. त्याच यादीतले जॉन ली २०२२ ला मुख्य कार्यकारी झाले. व्यक्तीला त्रास झाला, धोरण इंचभरही हललं नाही.

याच्यापेक्षा मालाला धरणारा कायदा मला जास्त दमदार वाटतो. चीनच्या शिनच्यांग प्रांतातल्या उइगुर मुस्लिमांच्या वेठबिगारीविरुद्ध अमेरिकेने केलेला, जून २०२२ पासून लागू. त्यात तिथला माल वेठबिगारीचाच आहे असं गृहीत धरतात, आणि तसा नाही हे आयात करणाऱ्या कंपनीने पुराव्यानिशी दाखवायचं. कापूस, टोमॅटो, सोलर पॅनेलचा कच्चा माल, सगळ्यांना आपली साखळी तपासावी लागली. उइगुरांची सुटका झाली असं नाही, पण त्यांच्या घामावर निदान एका मोठ्या बाजारात नफा कमावणं कठीण झालं, आणि ही मागणी उइगुर संघटनांचीच होती.

म्हणून ठरवताना मी असं बघते. तातडीने जीव वाचवायचे असतील, कैदी सोडवायचा असेल, मदत पोचवायची असेल तर बोलणी, आणि ज्याच्याशी बोलतोय तो नालायक आहे म्हणून ते सोडू नका. मोठी चळवळ आत उभी आहे, तीच निर्बंध मागतेय आणि सरकार बाहेरच्या पैशावर खरंच अवलंबून आहे, तर व्यापक निर्बंध, पण अटी लेखी. यातलं काहीच धड जुळत नसेल तर पैशाच्या नेमक्या नळ्या शोधा. आणि अर्जात "कडक निर्बंध लावा" एवढंच लिहिलं असेल, कशावर आणि कधीपर्यंत हे नसेल, तर मी सही करायच्या आधी ते विचारेन.

आजच्या बर्मासाठी माझं उत्तर विमानाचं इंधन आणि गॅसचा पैसा. राजवट गावांवर हवाई हल्ले करते, त्याला इंधन बाहेरून लागतं, आणि उठावाविरुद्ध लढणारे तिथले लोक स्वतः हेच बंद करा म्हणतायत. युरोपने तिथल्या सरकारी तेल-गॅस कंपनीवर फेब्रुवारी २०२२ ला निर्बंध लावले, अमेरिकेने तिच्या आर्थिक व्यवहारांना ऑक्टोबर २०२३ ला हात घातला. उशीर झाला, पण दिशा हीच बरोबर. ब्रिटनमध्ये असाल तर खासदाराला टँकरचा विमा आणि जहाज कंपन्यांबद्दल विचारा, त्या धंद्याचं मोठं केंद्र लंडनच आहे. बँकांनी घाबरून साध्या माणसांचे पैसेही अडवू नयेत हेही लिहा, यांगोनमधल्या घरी पैसे पाठवायला लोक हुंडीवाल्यांकडे जातात.

भारतात बसून ठरवायचं असेल तर गणित वेगळं पडतं. आपलं सरकार फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतं, जून २०२१ च्या महासभेच्या बर्माबद्दलच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो, आणि सीमा, ईशान्येतले बंडखोर गट, बर्माच्या सित्वे बंदरातून ईशान्येला जोडणारा आपला कलादान प्रकल्प ही कारणं खोटी नाहीत. मला तरी १९४६ आठवून वाईट वाटतं. पण दिल्लीने निर्बंध लावावेत असा हट्ट धरण्यापेक्षा जे आपल्या हातात आहे ते मागणं जास्त उपयोगाचं वाटतं: राजवटीला शस्त्रं आणि सुटे भाग विकू नयेत, आणि मिझोराममध्ये आलेल्या ३० हजारांहून जास्त लोकांना परत ढकलू नये. केंद्राने मार्च २०२१ मध्ये येणाऱ्यांना अडवा म्हणून कळवलं तेव्हा मिझोरामने ऐकलं नाही, तिथल्या गावांनी आणि चर्चनी जेवण दिलं, मुलांना शाळेत घेतलं. त्या राज्याला केंद्राने पैसे द्यावेत म्हणून पत्र लिहायचं असेल तर मी आजच सही करते.