बंद खदान की विहिरीवरचा मलमा? मराठवाड्यात स्फटिक शोधणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली, रानं वाळली की शाळेतलं एखादं तरी पोरगं विचारतंच, "सर, त्या बंद खदानीत स्फटिक सापडतात म्हणे. जायचं का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी कुठं विहीर खोदायला लागलीय का ते बघ, तिचा मलमा, म्हणजे खोदून वर काढलेला दगडांचा ढीग, चाळू.

आपल्याकडे सोन्या-तांब्याच्या जुन्या खाणी नाहीत. मराठवाड्यात जुनी खाण म्हणजे खडीसाठी फोडलेली आणि मग सोडून दिलेली दगडाची खदान. दगड बहुतेक सगळीकडे तोच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. थर थिजताना वायूचे बुडबुडे वरच्या भागात अडकले. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं त्या पोकळ्यांत खनिजं आणून बसवली. त्यातून स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट आणि कुठं कुठं जांभळा अ‍ॅमेथिस्ट तयार झाला. जगभरच्या संग्राहकांच्या लेबलांवर जालना आणि अजिंठा ही नावं दिसतात, ती या पोकळ्यांमुळेच.

आता खदानवाल्याला काय हवं असतं ते बघा. त्याला खडीसाठी घट्ट, काळा दगड लागतो. फोडाफोडांचा, पांढऱ्या दाण्यांचा खडक त्याच्या दृष्टीनं कचरा, तो कडेला लोटून दिलेला असतो. म्हणून खदानीत गेलातच तर उभ्या भिंतीच्या नादी लागू नका, कडेचे ढिगारे चाळा. विहीर खोदणाऱ्याला मात्र निवड नसते. पाणी लागेपर्यंत मधे येईल तो थर फोडायचा, मग तो घट्ट असो की पोकळ.

खदानीची बाजू मांडायचीच तर एक गोष्ट तिथंच मिळते. लाव्ह्याचा एक थर, वर तांबड्या मातीची पट्टी, तिच्यावर दुसरा थर, हे सगळं एका नजरेत दिसतं. मोठी पोकळी उघडी पडण्याची शक्यताही तिथं जास्त. हिरवट अपोफिलाइट आणि फिकट गुलाबी स्टिल्बाइट एकत्र असलेला वीतभर तुकडा मला एकदाच मिळाला, तोही खदानीतच. पण तेव्हा ती चालू होती आणि मुकादमानं स्वतः बोलावलं होतं. बंद खदानीत दहा उन्हाळे-पावसाळे झेललेले स्फटिक ठिसूळ होतात, चमक जाते, बोट लावलं की भुगा. वर लटकलेले दगड, भेगांतून घोणस, न फुटलेलं जिलेटिन राहून गेलेलं असण्याची भीती, आणि तळाला तो डोह. खदानीच्या डोहात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. एकदा मी पाणी प्यायला दहा पावलं बाजूला गेलो आणि जिथं बसलो होतो तिथं पाटीएवढा दगड येऊन पडला. पिशवीतला डबा चपटा झाला. तेव्हापासून एकटा गेलो नाही.

परवानगीचंही तसंच. खदान गायरानात असते, कधी सरकारी गटात, कधी खाजगी. दगड हे गौण खनिज आहे आणि विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 48 खाली दंड आहे. खिसाभर खड्यांसाठी कुणी तुमच्यामागे लागणार नाही हो, पण हातोडे घेतलेले चार अनोळखी लोक दिसले की तलाठ्याला फोन जातोच.

विहिरीवर हा सगळा ताप नाही. मालक समोर असतो. "राम राम मामा, मलम्यातले चमकते दगड बघू का?" एवढं विचारलं की बाजेवर बसायला मिळतं, चहा येतो. अंबड तालुक्यातल्या एका मामांनी तासभर माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मास्तर, खरं सांगा, सोनं निघालं का?" अशा वेळी कुजबुजू नका, लपवू नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत गावात गुप्तधनाची बातमी होते. मिळालेले सगळे तुकडे पसरून दाखवायचे आणि त्यातला एक चांगला मामांच्याच हातात ठेवायचा. पुढच्या वर्षी शेजारच्या विहिरीचा फोन त्यांचाच येतो.

मलम्यात तुकडा ताजा फुटलेला असतो, त्यामुळे चकाकी शाबूत. वाईट एवढंच की सुरुंगानं पोकळीही फुटते, मुठीपेक्षा मोठं काही क्वचित हाती लागतं. शिवाय जेसीबीनं मलमा बांधावर किंवा रस्त्यावर ओढला की संपलं, म्हणून आठवडाभरात पोचायला हवं. विहिरीत उतरायचं नाही, मालकानं आग्रह केला तरी. ढिगात पांढरे ठिपके आणि पोकळीच्या आत पातळ हिरवी साल दिसली की तिथं थांबा. असल्या खडकातल्या हिरव्या मातीचा रंग अजिंठ्याच्या चित्रांतही आहे, हे पोरांना सांगितलं की ती साल खरवडायची थांबतात.

गोदावरीचं पात्र हा तिसरा पर्याय, पण तिथं झिओलाइट, म्हणजे वरच्या यादीतली स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट ही खनिजं, शोधू नका. ती काठिण्याच्या दहाच्या मोजपट्टीवर साडेतीन ते साडेपाचच्या आसपास, वाहत्या गोट्यांत त्यांचं पीठ होतं. टिकतात अकीक आणि गारगोटी, कारण त्यांचं काठिण्य 7 च्या घरात. हा माल जुनाच आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून असले दगड गाड्या भरभरून भडोचला जात असल्याची नोंद आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात त्या काळचे मणी बघायला मिळतात. लहान मुलं बरोबर असतील तर नदीच बरी. फक्त पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर सापडलेला मणी उचलायचा नाही, तो दगड नव्हे, पुरावा आहे.

चौथा रस्ता विकत घेण्याचा. अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते असतात. चांगला माल असतो, पण तो जळगावकडचा की कुठला हे सहसा कळत नाही. मी एकदा गर्द निळा खडा हौसेनं घेतला. घरी नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला तर बोळा निळा. कपाटात मांडायला एक देखणा तुकडा एवढंच हवं असेल तर घ्या, पण आधी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून नजर तयार करा. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांभोवती किंवा गौताळा अभयारण्यात मात्र स्वतः एक खडाही उचलू नका. अभयारण्यातला दगडसुद्धा कायद्यानं वनोपजच.

ओळख पटवायला खिशात चाकू आणि लिंबू पुरतात. चाकूचा ओरखडा उठला नाही तर गारगोटीच्या जातीचं. ओरखडा उठला आणि लिंबाच्या थेंबानं बारीक फेस आला तर कॅल्साइट. थेंब लगेच धुवा, आणि झिओलाइट आम्लात किंवा गरम पाण्यात कधीच बुडवू नका. मऊ ब्रश, साधं पाणी, बास. कापसासारखं किंवा केसाळ काही दिसलं तर फुंकर मारायची नाही. एरिओनाइट नावाचं तंतुमय झिओलाइट कर्करोगकारक ठरलेलं आहे.

तर पहिली दोन वर्षं विहिरी. नजर बसली, सोबत जाणते दोघं मिळाले आणि मालकाची संमती हातात असली, तर मग खदान, आणि तीही शक्यतो चालू असलेली, सुटीच्या दिवशी. माझं म्हणाल तर बदनापूरकडं एका विहिरीला पाच परस (पाच पुरुष) खोलीवर पांढरा खडक लागलाय असा काल फोन आलाय. रविवारी निघतोय. अंड्यांचे रिकामे ट्रे आणि जुने पेपर घेतलेत, गॉगल तेवढा शोधायचा राहिलाय.